माहेरची पावती

माझा भाऊ रेवण माझ्या दारात कधी रिकाम्या हातानं आला नाही, आणि कधी रिकाम्या हातानं गेलाही नाही. येताना डझनभर केळी, जाताना पाच हजार. येताना पेरूची पिशवी, जाताना माझ्या यजमानांचा एकदाच अंगाला लागलेला लोकरी कोट. आवळा देऊन कोहळा काढणारे मी पुष्कळ बघितले, पण आमचा रेवण आवळासुद्धा उधारीवर आणायचा. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण माहेरचं माणूस तराजूत घालायचं नसतं असं मी धरून चालले होते, आणि दुसऱ्या कुणी घातलंच तर त्याची जीभ हासडायला मी बसलेच होते.

ही गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. गुढीपाडवा होऊन आठवडा झाला होता आणि मी जमिनीवर बसून भाकऱ्या थापत होते. सोलापुरात कडक भाकरीला मरण नाही. यजमान गेले तेव्हा माझा मल्लिनाथ नऊ वर्षांचा. तेव्हापासून बावीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत मी तवा मांडला, आणि प्रत्येक घरमालकानं धुराच्या नावानं शिमगा केला. आताचा घरमालक तर दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करा म्हणून दारात येऊन सांगून गेला होता. म्हणून माझ्या लेकानं जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट बघितला होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि त्याला मागं गॅलरी, धूर जायला. बिल्डरला एक्कावन्न हजार देऊन ठेवले होते, दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला होता. बाकीचं बँक देणार होती. ओटा किती उंच हवा ते मी गवंड्याला स्वतः जाऊन दाखवून आले होते, माझ्या कमरेला लागेल एवढा. भाकरी उभ्यानं करायची, एवढीच माझी हाव होती.

मल्लिनाथ आणि सून राजश्री बँकेतून आले ते तोंडं पाडून. मल्लिनाथ दवाखान्यात एक्स-रे काढायचा, राजश्री शाळेच्या ऑफिसात होती. दोघांचे पगार बँकेतच यायचे.

"मार्क कमी पडले," मल्लिनाथ म्हणाला.

"कसले मार्क? तुझी परीक्षा होऊन दहा वर्षं झाली."

मग राजश्रीनं मला समजावलं. माणूस घेतलेलं कर्ज वेळेवर फेडतो की नाही, याचा म्हणे एक आकडा असतो. स्कोअर म्हणतात. प्रत्येकाचा वेगळा, आणि सगळ्या बँकांना तो दिसतो. साडेसातशेच्या वर असेल तर बँक घराला कर्ज देते, मल्लिनाथचा होता सहाशे अठरा.

मी भाकरी तव्यावर टाकली आणि सुनेकडं बघितलं. तिच्या पर्समध्ये ते खरेदीचं कार्ड असतं, हे मी कितीदा बघितलं होतं. मी तिला म्हटलं, आमच्या घरात वाण्याची, दूधवाल्याची, कुणाची एक पै थकलेली नाही, हप्त्यावर साड्या आणणाऱ्या पोरी घरात आल्यावर दुसरं काय होणार. असं आणि आणखी बरंच. राजश्रीनं ऐकून घेतलं. मग पिशवीतून बँकेनं दिलेले कागद काढले, तिसऱ्या पानावर बोट ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "आई, हे कर्ज आमचं नाही. टेम्पोचं आहे. हे फक्त जामीन आहेत."

टेम्पो रेवणचा.

तो कागदही मीच करायला लावला होता, तीन वर्षांपूर्वी. रेवणला टेम्पो घ्यायचा होता आणि फायनान्स कंपनी पगारदार जामीन मागत होती. मल्लिनाथ म्हणाला, मामा हप्ते भरेल का? त्या एका प्रश्नावरून मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं सही केली. पण माझा रेवणवर एवढा जीव का होता, तेही सांगते. यजमान गेले त्या वर्षीच्या भाऊबीजेला माझ्या जावा म्हणाल्या, पांढऱ्या कपाळाच्या बाईनं हातात निरांजन धरायचं नसतं. मी तबक उचलून कपाटात ठेवलं. तेवढ्यात अक्कलकोटच्या पुढून, आमच्या गावातून, वीस वर्षांचा रेवण एस्टीनं आला. त्यानं स्वतः पाट मांडला, त्यावर बसला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "अक्का, ओवाळ. मला भूक लागलीय." त्या दिवसापासून त्याचे सगळे गुन्हे मला माफ होते.

आणि भाऊबीज आली की माझा तोरा काय सांगावा. शेजारच्या नीलव्वाला भाऊ नव्हता. ती संध्याकाळी गच्चीवर जाऊन त्या नखाएवढ्या चंद्राला ओवाळून यायची. मी दारात उभी राहून तिला विचारायचे, काय गं, काय घातलं चंद्रानं ओवाळणीत?

तर, अकरा हप्ते थकले होते. टेम्पोवरचं सगळं मिळून देणं एक लाख चौऱ्याऐंशी हजार. बँकेतल्या साहेबानं वाट सांगितली होती आणि राजश्रीनं ती वहीच्या पानावर लिहून आणली होती. हे देणं पूर्ण फेडायचं. कंपनी कमी पैशांत मिटवू म्हणाली तरी मिटवायचं नाही. कर्ज बंद झाल्याचा कागद घ्यायचा. नवं कर्ज काढायचं नाही, दहा बँकांत अर्ज टाकत फिरायचं नाही, कार्डाचं बिल तारखेच्या आधी भरायचं. मग पाच-सहा महिन्यांत आकडा वर सरकतो. दिवाळीला पुन्हा या, म्हणाला होता.

राजश्री म्हणाली, माझी लग्नाआधीची ठेव आहे ती मोडू, हे स्वतः जाऊन भरून येतील, विषय संपला.

विषय तिच्या दृष्टीनं संपला असेल. माझ्या माहेरचं देणं सुनेच्या ठेवीतून फेडायचं, म्हणजे मी जन्मभर तिच्यापुढं मान खाली घालायची. मी म्हणाले, "तुझी ठेव राहू दे. ज्याचं देणं तो फेडेल. माझा भाऊ काही मेलेला नाही."

दुसऱ्याच दिवशी मी गावाला गेले. टेम्पो अंगणात उभा होता, चाकं जमिनीला टेकलेली, आत कोंबड्या. रेवणनं मला बघून लगबगीनं खाट टाकली, बायकोला चहा सांगितला. मी कागद समोर धरला. मग त्यानं सगळं सांगितलं, भाडी कशी सुटली, इंजिन कसं गेलं, कंपनीची माणसं दारात येऊन कसं बोलून गेली. मला का सांगितलं नाहीस विचारलं तर म्हणाला, "तुला कशाला त्रास, अक्का." असं म्हणून डोळे पुसले. रेवणला रडू लवकर येतं.

त्याच्याकडं पैसे नव्हते, हे मला सोलापुरातून निघतानाच ठाऊक होतं. मी माझ्या हातातल्या पाटल्यांकडं बघितलं. भाकरीच्या पैशांतून, पाच-पाच ग्रॅमचं सोन्याचं वळं साठवून केलेल्या. दोन्ही मिळून सव्वासहा तोळे. पुढच्या आठवड्यात मी अक्कलकोटला सोनाराकडं त्या मोडल्या. एक लाख पंच्याऐंशी हजार आले. ते फडक्यात बांधून मी रेवणच्या हातात दिले.

"तू स्वतः जायचं," मी म्हटलं. "स्वतः भरायचं. आणि पावती घेऊन माझ्या घरी यायचं, ती राजश्रीच्या हातात द्यायची. मामानं भरलं म्हणून सांगायचं. माझं नाव निघता कामा नये."

"तू भरलेस म्हणून सांगितलं तर काय बिघडलं, अक्का?"

"मला माहेर आहे, हे तिला दिसू दे."

त्यानं पैसे कपाळाला लावले. म्हणाला, तू माझी आईच. वर एक हजार होते, ते येण्या-जाण्याला ठेव म्हटलं.

मल्लिनाथला घेऊन गेले असते, तर दहा मिनिटांचं काम होतं. त्याला बँक कळते, पावती कळते. पण मल्लिनाथला सांगायचं म्हणजे राजश्रीला कळायचं. भावाची अब्रू सुनेपासून झाकायची होती ना मला. ती झाकायला मी माझे हात उघडे केले. पाटल्या कुठं गेल्या, राजश्रीनं विचारलं. मी म्हटलं, फासा सैल झालाय, दुरुस्तीला टाकल्यात.

वैशाखात रेवण आला, आंब्यांची पेटी घेऊन. पेटी माजघरात ठेवली, हात-पाय धुतले, आणि खिशातून कंपनीचा कागद काढून राजश्रीपुढं धरला. "घ्या सूनबाई. मामानं शब्द पाळला." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्या वेळी माझा ऊर असा भरून आला होता, की आता ते आठवलं तरी माझी मलाच किळस येते.

राजश्रीनं कागद वाचला. इंग्रजीत होता. पुन्हा वाचला.

"मामा, यात सेटलमेंट असं लिहिलंय. पूर्ण फेड असं कुठं नाही. किती भरले तुम्ही?"

"अहो, त्यांची भाषा तशीच असते," रेवण हसत म्हणाला. "बाकी शून्य लिहिलंय की नाही खाली? मग झालं."

"शून्य आहे. पण भरलेल्या रकमेची पावती असेल ना? साहेबांनी सांगितलं होतं..."

मी तिला पुढं बोलू दिलं नाही. म्हटलं, "तू शाळेत कारकून आहेस, फौजदार नाहीस. माझ्या भावानं पोटाला चिमटा घेऊन पैसे भरले आणि तू त्याची झडती घेतेस? माझ्या माहेरच्या कागदावर बोट ठेवायचं नाही." मल्लिनाथकडं मी बघितलंही नाही, तरी तो म्हणाला, जाऊ दे, राजश्री. तिनं कागदाची घडी घातली आणि फाइलीत ठेवला. आंबे चिरायला बसली. एक फोड तिनं तोंडात घातली नाही.

रेवण जाताना पेटीतले चार आंबे परत घेऊन गेला, पोरगा वाट बघत असेल म्हणून.

मग आम्ही वाट बघितली. राजश्रीनं भिंतीवरच्या दिनदर्शिकेत कार्डाच्या बिलाच्या तारखेभोवती लाल गोल केले. तारखेच्या चार दिवस आधीच भरायची. मल्लिनाथचा मोबाइल फुटला तर हप्त्यावर नवा घेऊ दिला नाही, तो बटणांचा फोन घेऊन दवाखान्यात जायचा आणि लोक हसायचे. दर महिन्याला ती आकडा बघून मला सांगायची, चाळीसनं चढला, बारानं चढला. मला त्यात गोडी वाटायला लागली होती. एकदा मी तिला विचारलं, मी बावीस वर्षांत एकदाही भाडं चुकवलं नाही, वाण्याची उधारी दर अमावास्येला मिटवते, ते धरतात का त्यात? ती म्हणाली, नाही आई, ते कुठं लिहिलेलं नसतं. माझा आकडा किती, विचारलं. म्हणाली, तुमचा आकडाच नाही.

मला तेव्हा हसू आलं होतं.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी आम्ही तिघं बँकेत गेलो. मी नारळी काठाची इरकल नेसले होते आणि साहेबासाठी डब्यात दहा कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी नेली होती. साहेब तरुण होता, चष्मेवाला. त्यानं आकडा बघितला, सातशे चार, बरा चढलाय म्हणाला. मग तिसरं पान उघडलं आणि चष्मा काढला.

"मी सांगितलं होतं ना, मिटवामिटवी करू नका म्हणून?"

"पूर्ण भरलेत," मी म्हटलं.

"नाही आई. एक लाख चौऱ्याऐंशी हजार येणं होतं. कंपनीनं पंच्याण्णव हजार घेऊन बाकीचे सोडून दिले. तसा शिक्का पडलाय इथं. जामिनाच्या नावावरही पडतो. अशा कागदावर माझी बँक कर्ज देत नाही."

मल्लिनाथनं विचारलं, उरलेले आता भरले तर? साहेब म्हणाला, भरता येतील. मग कंपनीकडून पत्र आणायचं, ते वर जाणार, शिक्का बदलायला महिने लागतील, आकडा सुधारायला त्याहून जास्त. पुढच्या वर्षी बघू.

मला चौथीपुढं शाळा नाही. पण शेकड्यानं भाकऱ्या विकणाऱ्या बाईला हिशेबाला कागद लागत नाही. एक पंच्याऐंशीतून पंच्याण्णव गेले, राहिले नव्वद. राजश्रीला हे माहीत नव्हतं. तिच्या लेखी मामानं स्वतःच्या खिशातून पंच्याण्णव भरले होते. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "जाऊ द्या आई. मामांना जेवढं जमलं तेवढं त्यांनी केलं."

ती मला टोचून बोलली असती तर मी उलट बोलले असते. तिनं माझं समाधान केलं. मी बँकेच्या पायऱ्या उतरले. भाकऱ्यांचा डबा तसाच हातात होता.

बिल्डरनं दहा हजार कापून बाकीचे परत दिले. फ्लॅट आठ दिवसांत दुसऱ्यानं घेतला. पुढं तीन वर्षांनी आमचं घर झालं, राजश्रीच्या ठेवीतूनच उरलेलं देणं फेडून, पण ते शहराबाहेर, आणि त्याला गॅलरी नाही. धूर अजून माझ्याच डोळ्यांत जातो. ओट्याचं तर तोपर्यंत माझे गुडघेच ठरवून बसले होते. आता मी खुर्चीवर बसून भाकरी करते.

पण मला सांगायची आहे ती त्याच दिवाळीची भाऊबीज.

खोल्या सोडायला घरमालकानं पंधरा दिवस वाढवून दिले होते. सामान अर्धं बांधलेलं. दुपारी बारा वाजता दारात गाडीचा आवाज आला. रेवण आला होता, नव्या कोऱ्या मोटारसायकलवर. दसऱ्याची झेंडूची माळ हँडलला तशीच होती, वाळलेली. त्याच्या हातात साडीचं खोकं आणि मिठाईचा पुडा.

मी पाट मांडला, भोवती रांगोळी घातली. निरांजन लावलं. ओवाळताना तबकात सोनं लागतं. दरवर्षी मी पाटली काढून ठेवायचे. राजश्रीनं माझ्या हातांकडं बघितलं आणि आपली अंगठी काढून तबकात ठेवली. त्या अंगठीनं मी माझ्या भावाला ओवाळलं. रेवणनं तबकात पाचशेची नोट घातली, साडीचं खोकं वर ठेवलं. मल्लिनाथ बाजूला उभा होता.

"गाडी छान आहे," मी म्हटलं. "हप्त्यावर घेतलीस?"

"छे, रोख," तो छाती काढून म्हणाला. "हप्त्याचं आता नाव नको."

"कितीला बसली?"

"सगळं धरून नव्वद हजार."

मी राजश्रीकडं वळले. "माझ्या पाटल्या दुरुस्तीला नाहीत. चैत्रात मोडल्या. एक लाख पंच्याऐंशी हजार आले ते मी याच्या हातात दिले, पूर्ण फेडायला. तुला कळू नये म्हणून याच्या हातून दिले."

मल्लिनाथनं मामाकडं बघितलं. राजश्रीनं दारातून बाहेर, गाडीकडं बघितलं.

रेवणचं तोंड उतरलं. डोळे भरून आले. म्हणाला, "अक्का, कंपनीवालेच म्हणाले एवढ्यात मिटवा. मिटलं तर होतं. मल्लूचं घर अडेल हे मला काय ठाऊक? उरलेले तुला द्यायचेच होते, पण पोराला कॉलेजला जायला..."

मी तबक खाली ठेवलं. राजश्रीची अंगठी उचलून तिच्या हातात दिली. मग रेवणपुढं उभी राहिले. तो पाटावर, मी उभी.

"डोळे पूस आणि ऐक. एक पाटली तू कंपनीला घातलीस आणि दुसरीवर बसून माझ्या दारात आलास. बाहेर माळ घालून उभी आहे ती. माझ्या लेकाचं घर गेलं ते निम्मं तुझ्यामुळं, निम्मं माझ्यामुळं. माझं मी इथं राहून फेडीन, सुनेच्या हाताखाली. तुझं मी मागत नाही, तुझ्या हातची पावती मला परत नको. कुणी मला निरांजन धरू देत नव्हतं तेव्हा तू या पाटावर येऊन बसलास, ते मी बावीस वर्षं डोक्यावर वाहिलं. सव्वासहा तोळ्यांत ते आज फिटलं. नोट उचल, साडी उचल, आणि ऊठ. पुढच्या वर्षी मी नीलव्वाकडं येऊन गच्चीवर जाईन आणि चंद्राला ओवाळीन. तो काही आणत नाही, रेवण, पण काही नेतही नाही."